सरळ पायांच्या खुर्च्या आणि तळहातावरची चित्रं: नियोक्लासिकल शैलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनं युरोपीय फर्निचर आणि तिकडची मिनिएचर, म्हणजे तळहातावर मावणारी चित्रं, यांच्याबद्दल लोक मला जे विचारतात, त्यातले निम्मे प्रश्न वर्षानुवर्षं तेच असतात. ते इथे एकदाच लिहून ठेवतो. वाचताना दोन शब्द सतत भेटतील, ‘काळातलं’ आणि ‘शैलीतलं’. काळातलं म्हणजे साधारण १७६० ते १८३० या दरम्यान खरोखर घडवलेलं. शैलीतलं म्हणजे तसं दिसणारं, मग ते गेल्या दिवाळीत का घडवलेलं असेना. या धंद्यातली बहुतेक फसवणूक आणि बहुतेक भांडणं या दोन शब्दांच्या मधल्या फटीत होतात.

नियोक्लासिकल म्हणजे नेमकं काय? ‘क्लासिकल’ होतंच, मग ‘नियो’ कशाला?

क्लासिकल म्हणजे प्राचीन ग्रीस आणि रोम. ‘नियो’ म्हणजे अठराव्या शतकात युरोपने नव्याने घेतलेला त्यांचा ध्यास. तोवर रोम म्हटलं की देवळं, कमानी आणि संगमरवरी पुतळे एवढंच डोळ्यांपुढे यायचं. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमचं खोदकाम १७३८ मध्ये आणि पॉम्पेईचं १७४८ मध्ये सुरू झालं, आणि रोमन माणसाचं राहतं घर लोकांना बघायला मिळालं. भिंतींवरची चित्रं, दिवे, तिवया, पलंग, सगळं. श्रीमंत घरांतली तरुण मुलं शिक्षण पुरं करायला इटलीला जायची, ती हे बघून आली. रॉबर्ट ॲडम हा स्कॉटिश वास्तुकार १७५४ मध्ये तिकडे निघाला, १७५८ मध्ये परतला, आणि येताना डोकं भरून नक्ष्या घेऊन आला.

दुसरं कारण कंटाळा. आधीची रोकोको शैली म्हणजे शिंपले, वेटोळी, वळणावर वळणं, एक बाजू दुसरीसारखी नाही. तीसेक वर्षं हे बघितल्यावर सरळ रेषेची भूक लागली.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. सवाई माधवराव १७७४ च्या एप्रिलमध्ये पुरंदरावर जन्मले आणि पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या गादीवर सोळावा लुई बसला. इथे बारभाई तान्ह्या पेशव्याच्या नावाने कारभार हाकत होते, तेव्हा तिथे पॅरिसचे सुतार खुर्चीचे पाय सरळ करत होते.

एका नजरेत ओळखायचं तर काय बघू?

पाय. नक्षी नंतर.

रोकोको खुर्चीचा पाय गुडघ्यात वाकलेला असतो, बाहेर येऊन पुन्हा आत जातो. नियोक्लासिकल पाय सरळ, वरून खाली निमुळता होत जाणारा आणि बहुतेकदा ग्रीक देवळाच्या खांबासारख्या उभ्या पन्हळी पाडलेला. फ्रेंच कामात पाय जिथे बैठकीच्या चौकटीला मिळतो तिथे एक चौकोनी ठोकळा आणि त्यात कोरलेलं गोल फूल असतं. एक अपवाद लक्षात ठेवा. १८०० च्या आसपास पाय पुन्हा वाकले, पण तलवारीच्या पात्यासारखे, एकाच दिशेला. ती वळणं ग्रीक मातीच्या भांड्यांवर चितारलेल्या खुर्च्यांवरून घेतली. रोकोकोचं वळण एस अक्षरासारखं दोनदा फिरतं, हे एकदाच.

पाय पटला की मग नक्षी बघा. कलश, फुलांच्या झुलत्या माळा, फितीच्या गाठी, मेंढ्याचं डोकं, लायर हे तंतुवाद्य, पानांचा मुकुट, काटकोनात वळत जाणारी ग्रीक किनार. मधोमध दोरी धरली तर डावी बाजू म्हणजे उजवीची आरशातली प्रतिमा वाटावी.

लुई सोळावा, ॲडम, हेपलव्हाइट, शेरेटन, एम्पायर, रीजन्सी… ही सगळी एकच का?

एकाच घरातली भावंडं म्हणा. चेहरा सारखा, स्वभाव वेगळे.

फ्रान्समधली ‘लुई सोळावा’ शैली राजाच्या आधीच, १७६० च्या दशकात सुरू झाली होती. नावं राजांची दिली जातात, पण शैली राज्याभिषेकाची वाट बघत नाही. तिथला मोठा कारागीर जाँ-हेन्री रिझनर. जन्माने जर्मन, काम फ्रेंच दरबारात. पंधराव्या लुईचं गोल झाकणाचं प्रसिद्ध लिहिण्याचं मेज त्याचा मालक उबेन याने १७६० मध्ये सुरू केलं, १७६३ मध्ये उबेन वारला आणि रिझनरने ते १७६९ मध्ये पुरं केलं. एका मेजाला नऊ वर्षं! इंग्लंडमध्ये ॲडमने आख्खं घर एकाच हाताने आखण्याची पद्धत पाडली. छताची नक्षी आणि खालच्या गालिच्याची नक्षी एकमेकींना उत्तर देतात, दाराच्या मुठीसुद्धा त्याच घराण्यातल्या. थॉमस चिपेंडेल या इंग्रज कारागिराचं नाव आपल्याकडे वाकड्या पायांसाठी माहीत आहे, पण त्याचं सर्वांत देखणं काम यॉर्कशरमधल्या हेअरवुड हाउससाठी केलेलं आहे आणि ते नियोक्लासिकल आहे.

नेपोलियन १८०४ मध्ये सम्राट झाला आणि शैलीच्या अंगात जड चिलखत आलं. महोगनीचे मोठे सपाट पृष्ठभाग, त्यावर ब्राँझचे गरुड, विजयदेवता, आणि इजिप्तच्या मोहिमेनंतर स्फिंक्स. ही एम्पायर. इंग्लंडमध्ये साधारण याच वेळची ती रीजन्सी. स्वीडनमध्ये तिसऱ्या गुस्टावच्या नावाची शैली आहे, फिकट राखाडी-पांढऱ्या रंगातली आणि सगळ्यांत सोज्वळ. मला विचाराल तर घरात रोज बसायला तीच बरी. एम्पायर खुर्चीत बसलं की समोर कुणीतरी अर्ज घेऊन उभं असावंसं वाटतं.

माझ्याकडे ‘हेपलव्हाइट’ खुर्ची आहे. म्हणजे ती हेपलव्हाइटने केलेली ना?

नाही. जगातली एकही वस्तू जॉर्ज हेपलव्हाइटच्या हातची म्हणून खात्रीने दाखवता येत नाही. तो १७८६ मध्ये वारला आणि त्याच्या विधवेने १७८८ मध्ये त्याच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं. ते पुस्तक गावोगावच्या सुतारांकडे गेलं आणि ढालीच्या आकाराच्या पाठीला त्याचं नाव चिकटलं. शेरेटनचंही तेच. नमुने छापले, नाव झालं, १८०६ मध्ये गरिबीत मेला. तेव्हा ‘हेपलव्हाइट’ म्हणजे ढालीसारखी पाठ आणि ‘शेरेटन’ म्हणजे चौकोनी पाठ एवढाच अर्थ घ्या. कोणी केली आणि केव्हा केली, हे या नावांतून कळत नाही.

फ्रेंच वस्तूवर कारागिराचा शिक्का आहे. मग तर अस्सल?

शिक्का ही शोधाची सुरुवात समजा. पॅरिसच्या सुतारांच्या संघाने अठराव्या शतकाच्या मध्यापासून उस्तादांना आपलं नाव लाकडात ठोकायला लावलं. शेजारी संघाची तपासणीची तीन अक्षरं असतात, जे-एम-ई. खुर्चीत शिक्का बैठकीच्या चौकटीखाली सापडतो, कपाटात मागच्या खांबावर किंवा संगमरवराखाली. १७९१ मध्ये संघच बरखास्त झाले.

पण लोखंडी ठसा कोणालाही बनवता येतो, आणि लोकांनी बनवलेत. शिवाय दरबारासाठी थेट काम करणाऱ्या काही कारागिरांवर शिक्क्याचं बंधन नव्हतं, त्यामुळे उत्तमोत्तम वस्तू बिनशिक्क्याच्या असू शकतात. दुरुस्ती करणाऱ्यानेही आपला शिक्का ठोकलेला असतो. खुर्ची एकाची, नाव दुसऱ्याचं.

राजाच्या महालातलं फर्निचर बाजारात आलंच कसं?

लिलावाने. क्रांतीनंतर १७९३ च्या ऑगस्टपासून वर्षभर व्हर्साय महालातलं सामान विकायला काढलं होतं, सतरा हजारांहून जास्त लॉट. रिझनरने स्वतःच केलेल्या काही वस्तू तिथे परत विकत घेतल्या, पुढे चढ्या भावाने जातील या आशेवर. तोवर लोकांची आवड बदलली होती. त्या विकल्याच गेल्या नाहीत.

काळातलं आहे की शैलीतलं, हे घरच्या घरी तपासता येतं का?

बरंचसं येतं. टॉर्च, टेप आणि गुडघे टेकायची तयारी हवी.

ड्रॉवरपासून सुरू करा. पूर्ण बाहेर काढा, सामान रिकामं करा आणि खिडकीपाशी नेऊन उलटा करा. आधी तळाच्या फळीवरून तळहात आडवा फिरवा, डोळे मिटून. हाताने रंधलेलं लाकूड हलक्या लाटांसारखं लागतं, यंत्राचं गुळगुळीत किंवा एकसारखं खरखरीत. मग प्रकाशात तिरपं धरा. गोल करवतीच्या कमानीसारख्या खुणा दिसल्या तर ती फळी १८३० च्या आधीची नसावी. कोपऱ्यातले कबुतराच्या शेपटीसारखे सांधे बघा. हाताने कापलेले असतील तर दोन सांधे अगदी जुळे नसतात आणि सुताराने पट्टी ठेवून ओढलेली बारीक रेघ शेजारी राहिलेली असते. ड्रॉवर ज्या कडांवर सरकतो त्या दोनशे वर्षांत झिजलेल्या हव्यात, आणि ज्या पट्ट्यांवर तो बसतो तिथेही जोडीने घळ पडलेली हवी. ड्रॉवर झिजलेला आणि पट्टी कोरी, म्हणजे दोघांची ओळख नवी आहे.

आता वास घ्या. हसू नका, घ्या. आतल्या भागाला त्या काळी पॉलिश करत नसत. आत पॉलिशचा किंवा डायचा वास, सगळीकडे एकसारखा तपकिरी रंग, म्हणजे कोणीतरी नवं लाकूड म्हातारं करायच्या मागे लागलं होतं.

स्क्रू असेल तर एक काढून बघा. हाताने घडवलेल्या जुन्या स्क्रूचं टोक बोथट आणि डोक्यावरची खाच मधोमध नसलेली. टोकदार स्क्रू १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचे. अर्थात एक बदललेला स्क्रू म्हणजे आख्खं मेज नकली असं नाही.

गोल मेज असेल तर टेप लावा. लाकूड त्याच्या तंतूंच्या दिशेने फारसं आकसत नाही, आडवं आकसतं. दोनशे वर्षांचं गोल मेज तंतोतंत गोल राहिलेलंच नसतं, दोन दिशांच्या मापांत काही मिलिमीटरचा फरक पडतो. मला ही परीक्षा सगळ्यांत आवडते, कारण ती खोटी पाडायला वेळ लागतो, अगदी दोन शतकं.

व्हिनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पापुद्रा, कुठे उचकटलं असेल तर जाडी बघा. हाताच्या करवतीने कापलेला पापुद्रा दीड-दोन मिलिमीटर जाड असतो, आजचा जाड कागदासारखा. किड्यांच्या भोकांवर भाळू नका, ती पाडून देणारे आहेत. खरं भोक वर गोल असतं आणि आतला बोगदा वळत जातो. पृष्ठभागावर अख्खा बोगदाच उघडा पडलेला दिसला तर समजा, जुनी फळी कापून नवी वस्तू केली आहे.

आणि आपल्याकडच्या वस्तूंसाठी खास सूचना. बाहेरून महोगनी, पण मागची फळी आणि ड्रॉवरचा सांगाडा सागवानी? मग ती वस्तू बहुधा इकडची आहे. इंग्लंड-फ्रान्समध्ये आतल्या कामाला ओक किंवा पाइन वापरत. सागवानी सांगाडा म्हणजे वस्तू वाईट असा अर्थ नाही, फक्त पॅरिसची गोष्ट सांगू नये.

‘मॅरेज’ म्हणजे काय? दुकानदार बोलताना ऐकलं.

वरचं कपाट एका वस्तूचं, खालचे खण दुसरीचे, दोन्ही खरी जुनी, पण लग्न मागाहून लागलेलं. मागच्या फळ्यांचा रंग आणि दोन्हीकडच्या सांध्यांची पद्धत जुळते का ते बघा.

एकोणिसाव्या शतकातली नक्कल म्हणजे बनावटच ना?

नक्कल आणि बनावट यांत नियत हा फरक आहे. पॅरिसमध्ये हेन्री दासों, बेर्डले, फ्रांस्वा लिंक अशा मंडळींनी लुई सोळाव्याच्या काळातल्या वस्तू इतक्या उत्तम पुन्हा घडवल्या की आज त्यांचा स्वतःचा बाजार आहे. दासों तर ब्राँझवर आपलं नाव आणि साल कोरायचा. लपवायचं असतं तर साल कोण कोरेल? लंडनमधल्या राइट अँड मॅन्सफिल्डने १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी ॲडमच्या धर्तीवर सॅटिनवुडचं भलंमोठं कपाट केलं, ते आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. राजा सातव्या एडवर्डच्या काळात, १९०० नंतर, शेरेटनच्या धर्तीचं बारीक पायांचं फर्निचर इंग्लंडात ढिगाने झालं. भारतात ‘जॉर्जियन’, म्हणजे अठराव्या शतकातल्या जॉर्ज राजांच्या वेळचं, म्हणून दाखवलं जाणारं बरंचसं त्याच पिढीचं असतं.

सोनेरी भाग खरंच सोन्याचे असतात का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाकडावरचं सोनं म्हणजे वर्ख. आधी खडूची भुकटी आणि सरस यांचे थर, त्यावर तांबडी चिकणमाती, त्यावर वर्ख, आणि मग अकीकाच्या दगडाने घोटणं. झिजलेल्या कडेला आतून तांबूस रंग डोकावतो तो या मातीचा. नुसता सोनेरी रंग फासलेला असेल तर तो काही वर्षांत चहासारखा तपकिरी होतो.

ब्राँझवरचं सोनं पाऱ्याने चढवलेलं. सोनं पाऱ्यात कालवून लेप द्यायचा आणि भट्टीत तापवायचं, पारा वाफ होऊन जातो, सोनं धरून राहतं. ती वाफ कारागिराच्या छातीत जायची आणि अनेकांचं आयुष्य त्यातच संपायचं. १८४० नंतर विजेचा मुलामा आला. पाऱ्याच्या मुलाम्यात काही भाग चकाकणारे आणि काही मुद्दाम मऊ, निस्तेज ठेवलेले असतात. पिएर गुथिएर या कारागिराची त्यातच ख्याती होती. असा तुकडा हाती आला तर चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर यांतलं काहीही लावू नका. अडीचशे वर्षं टिकलेलं सोनं एका रविवारी निघून जातं.

मेजावर बसवलेल्या निळ्या-पांढऱ्या चकत्या संगमरवरी असतात का?

नाही, ती भाजलेली माती आहे. जोसाया वेजवुडने हजारो प्रयोग करून १७७० च्या दशकाच्या मध्यावर ‘जॅस्पर’ नावाची बिनझिलईची माती तयार केली. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या उठावाच्या ग्रीक बायका, रथ, देवदूत. हे उठाव साच्यात वेगळे करून वर चिकटवतात. शिल्पकार जॉन फ्लॅक्समन १७७५ पासून त्याच्यासाठी नमुने करायचा. मागे कंपनीच्या नावासोबत ‘इंग्लंड’ असा शब्द दाबलेला असेल तर तो तुकडा साधारण १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. एक शब्द, आणि शंभर वर्षं वजा.

मेजावरची चित्रं अँजेलिका कॉफमनने रंगवली आहेत असं सांगतात. खरं?

ती लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या १७६८ च्या संस्थापक सदस्यांपैकी होती, मोठी चित्रकार. पण तिने बसून मेजं रंगवल्याचा पुरावा नाही. तिच्या चित्रांची छापील नक्कल बाजारात मिळायची आणि रंगारी त्यावरून काढायचे.

मिनिएचर म्हणजे ‘मिनी’, लहान चित्र ना?

गंमत अशी की नाही. लॅटिनमध्ये ‘मिनियम’ म्हणजे शिशाची लाल भुकटी, म्हणजे आपला मारुतीला लावतात तो शेंदूर. हस्तलिखितांत ठळक अक्षरं आणि चित्रं शेंदराने काढत, त्या कामाचं नाव पडलं मिनिएचर. चित्रं लहान होती म्हणून पुढे अर्थच लहान झाला.

आपण बोलतोय त्या काळातलं मिनिएचर म्हणजे हस्तिदंताच्या पातळ चकतीवर जलरंगाने काढलेला चेहरा. व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा या चित्रकर्तीने १७०० च्या सुमारास हस्तिदंत वापरायला घेतला, त्याआधी वासराच्या कातड्यावर काढत. हस्तिदंत तेलकट, त्यावर पाण्याचा रंग ठरत नाही. म्हणून आधी चकती घासून तेल काढायचं आणि मग बारीक ठिपक्या-रेघांनी रंग बसवायचा. कसबी चित्रकार गाल-कपाळावर रंग जवळजवळ लावतच नाही, हस्तिदंताचा उजेडच त्वचेचं काम करतो. रिचर्ड कॉसवे यात पटाईत. जॉर्ज एंगलहार्टने तर हिशोबाच्या वहीत आयुष्यभरातली चार हजार आठशेहून जास्त मिनिएचर नोंदवून ठेवली आहेत. फोटो नव्हते तेव्हा हाच फोटो. नवरा जहाजाने निघाला की गळ्यात बायकोचा चेहरा.

यातल्या १८०० च्या आसपासच्या बायकांचे पांढरे, छातीखाली बांधलेले झगे बघा. ग्रीक पुतळ्यासारखं दिसायची हौस, आणि त्यासाठी सर्वांत नावाजलेलं कापड बंगालची मलमल.

भारतात कोणी मिनिएचर काढली का? म्हणजे युरोपीय पद्धतीची.

हो. जॉन स्मार्ट १७८५ ते १७९५ मद्रासला होता. अर्काटच्या नवाबाची आणि त्याच्या कुटुंबाची चित्रं त्याने काढली. त्याची सही म्हणजे नावाची दोन अद्याक्षरं आणि साल, आणि भारतात काढलेल्या चित्रांवर पुढे ‘आय’ हे अक्षर. ओझायस हम्फ्री १७८५ ते १७८७ या काळात कलकत्ता आणि लखनौला होता. पुण्याच्या दरबारात जेम्स वेल्स आला, सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रं त्याचीच, पण ती मोठी तैलचित्रं. मिनिएचर नव्हेत.

‘डेकोरेटिव्ह मिनिएचर’ असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ?

इथे कान टवकारा. तो सौम्य शब्दात दिलेला इशारा आहे. साधारण १८८० ते १९२० या काळात प्रवाशांसाठी जुन्या प्रसिद्ध चित्रांवरून छोटी चित्रं काढून विकत. राणी मारी आंत्वानेत, नेपोलियन, त्याची बायको जोसेफिन, मोठ्या टोपीतली डचेस ऑफ डेव्हनशर. हस्तिदंताच्या पट्ट्या जोडून केलेली चौकट, जिला ‘पियानो-की’ म्हणतात. उजव्या कडेला एखाद्या गाजलेल्या चित्रकाराची सही, जी त्याची नसते. मागे जुन्या पुस्तकाचं पान चिकटवलेलं, वय वाढवायला.

माझी फी मी भरलेली आहे. वीसेक वर्षांपूर्वी मुंबईत एका दुकानात मारी आंत्वानेत दिसली. पियानो-कीची चौकट, सही, मागे फ्रेंच अक्षरांचा पिवळा कागद. दुकानदार काहीच बोलला नाही, मीच मनात सगळं बोललो. अर्धा पगार देऊन घरी आणली. रात्री जवाहिऱ्याचं दहापटीचं भिंग लावलं आणि गालावर बारीक ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली, वर्तमानपत्रातल्या फोटोत असते तशी. छापील चित्र, वर केसांना आणि दागिन्यांना चार फटकारे रंग. बाई अजून माझ्याकडेच आहे. येणाऱ्याच्या हातात भिंग देऊन आधी तिच्याकडेच पाठवतो.

ठोकताळा असा: प्रसिद्ध चेहरा आणि प्रसिद्ध सही एकत्र आली की हात खिशातच ठेवा. खरं मिनिएचर बहुतेकदा कुठल्यातरी अनोळखी कॅप्टनचं किंवा त्याच्या बहिणीचं असतं, लंबगोल सोनेरी लॉकेटमध्ये, मागच्या काचेखाली कधी केसांची विणलेली बट. सगळी डेकोरेटिव्ह मिनिएचर छापील नसतात, काही हाताने सुरेख काढलेलीही आहेत. सजावटीची वस्तू म्हणून, सजावटीच्या भावाने घ्या.

चेहऱ्याऐवजी नुसता डोळा काढलेली, किंवा दगडात कोरल्यासारखी दिसणारी मिनिएचर कसली?

डोळा म्हणजे प्रेमाची गुप्त खूण, ज्याला ओळखायचं तोच ओळखेल. इंग्लंडच्या युवराजाने १७८५ च्या सुमारास मारिया फिट्झहर्बर्टला आपला डोळा रंगवून पाठवला आणि त्याची टूम निघाली. दगडात कोरल्यासारखी दिसतात ती नुसत्या करड्या छटांत रंगवलेली, प्राचीन कोरीव खड्यांची नक्कल. फ्रेंच डब्यांच्या झाकणांवर सापडतात. रोममध्ये याच सुमारास काचेचे सुईएवढे धागे ओढून, त्यांचे तुकडे शेजारी-शेजारी बसवून सूक्ष्म मोझेक करायला लागले. जाकोमो राफाएलीचं नाव त्यात पहिलं. पाण्याच्या भांड्यावर बसलेली चार कबुतरं दिसली तर ती रोमन सम्राट हेड्रियनच्या वाड्यात १७३७ मध्ये सापडलेल्या मोझेकवरून.

हस्तिदंताचं मिनिएचर विकत घेता येतं का? परदेशातून आणता येतं का?

भारतात हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. भारतीय हस्तिदंताचा १९८६ च्या दुरुस्तीने, आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा १९९१ च्या. वस्तू दोनशे वर्षांची आहे हे सांगून सुटका होत नाही. ब्रिटनमध्ये २०१८ चा कायदा जून २०२२ पासून लागू झाला. त्यात १९१८ पूर्वीच्या आणि ३२० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या मिनिएचरना नोंदणी करून सूट आहे, पण ती सूट तिथली. लंडनला घेतलेलं बॅगेत टाकून मुंबईला उतरायचा विचार डोक्यात आणू नका. उलट दिशेनेही नियम आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर तसा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो.

आणि हस्तिदंत आहे का हे बघायला तापलेली सुई टोचू नका. नकली हस्तिदंत सेल्युलॉइडचा असला तर भडकन पेटतो.

गोव्यातलं किंवा मुंबईचं जुनं शिसवी फर्निचर नियोक्लासिकल म्हणायचं का?

बहुतेक नाही. मुंबईचं एकोणिसाव्या शतकातलं शिसवी काम म्हणजे पानाफुलांची दाट कोरीव गर्दी, नियोक्लासिकलच्या अगदी उलट. गोव्याच्या जुन्या घरांत बरोक आणि रोकोकोचा पगडा जास्त. खरा दुवा हवा असेल तर विशाखापट्टणम. तिथले कारागीर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज साहेबांसाठी हस्तिदंताने मढवलेल्या पेट्या आणि मेजं करत, हस्तिदंतावर बारीक रेघा कोरून त्यात लाख भरत. आकार लंडनचे, वेलबुट्टी आपली. शैली दगडात बघायची तर मुंबईचा टाउन हॉल, १८३३ चा. पायऱ्या चढून त्या डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक धर्तीच्या, खांबांखाली उभे राहा आणि खुर्चीचा पन्हळीचा पाय आठवा.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे जपायचं कसं?

जुने सांधे आणि व्हिनिअर सरसाने चिकटवलेले असतात आणि सरसाला ओल व उष्णता दोन्ही सोसत नाही. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. एसी दिवसभर बंद आणि रात्री कडक, हे तर लाकडाला रोज पिळण्यासारखं. व्हिनिअर सुटलं तर पांढरा डिंक ओतू नका. सरस कोमट पाण्याने पुन्हा सुटतो, डिंक सुटत नाही आणि पुढचा दुरुस्ती करणारा तुम्हाला शिव्या देतो. मिनिएचरची काच ओल्या फडक्याने पुसू नका, पाणी कडेने आत शिरतं आणि तो जलरंग आहे. उन्हात ठेवलंत तर गालांची लाली सगळ्यांत आधी उडते.

भाव काय चाललाय?

आकडे सांगत नाही, महिन्यात शिळे होतात. एवढं खरं की रोजच्या वापराचं इंग्लिश महोगनी फर्निचर, ज्याला तिकडे ‘ब्राऊन फर्निचर’ म्हणतात, २००० नंतर बरंच स्वस्त झालं. घरं लहान झाली, आवड बदलली. उत्तम, ज्याचा मालकीचा इतिहास कागदावर आहे असं, ते मात्र तसं पडलं नाही.

चांगले नमुने कुठे बघू?

लंडनला मुलाकडे गेलात तर वॉलेस कलेक्शन, प्रवेश फुकट आणि रिझनरचं काम हातभर अंतरावर. ऑस्टर्ली पार्क हे ॲडमचं घर तर मेट्रोच्या पिकॅडिली मार्गावर आहे. न्यू जर्सीवाल्यांसाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लंडनच्या लॅन्सडाउन हाउसमधली ॲडमची अख्खी जेवणाची खोली आणून बसवली आहे. पॅरिसजवळ मालमेझों, जोसेफिनचं घर. कुठेही गेलात तरी खाली वाकून बघायचं विसरू नका. रखवालदार टोकतो, पण हात मागे बांधलेले असले तर सहसा सोडून देतो.

आमच्या घरी एक जुनी खुर्ची आहे. फोटो पाठवला तर सांगाल का?

सांगेन, पण समोरून काढलेला एकच फोटो नको. खुर्ची सतरंजीवर उलटी करा. बैठकीच्या चौकटीची आतली बाजू, पाय जिथे चौकटीत घुसतो तो सांधा, पायाचा तळ आणि एखादा स्क्रू असेल तर त्याचं डोकं, हे चार फोटो दिवसाउजेडी काढा, फ्लॅश बंद करून. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. आणि आधी पुसू नका.